सुपारीचा हिशेब

'सुपारी घेतली' म्हटलं की पुण्याबाहेरच्या माणसाला सिनेमातला गुंड आठवतो. आमच्याकडे जुलै उजाडला की हा शब्द रोज चहाबरोबर येतो. "यंदा किती सुपाऱ्या?" "आगमनाच्या दोन, विसर्जनाची एक, दहीहंडीचं बोलणं चालू आहे." मंडळ ढोल-ताशा पथकाला वाजवायला बोलावतं आणि त्याचं जे मानधन ठरतं ती सुपारी. ज्याच्या कमरेला ढोल असतो त्याच्या खिशात त्यातला एक रुपयाही जात नाही. उलट तो नोंदणीचे पैसे भरतो, झब्बा स्वतःच्या पैशाने शिवतो, ऑफिसमधून सुट्टी मागून घेतो आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बोटांना चिकटपट्ट्या लावून लॅपटॉपसमोर बसतो. पैसे पथकाकडे जातात. पथक ते समाजकार्याला देतं. निदान सरावाच्या शेडवर लावलेल्या फ्लेक्सवर तरी तसं लिहिलेलं असतं.

मी २०१६ पासून ताशा वाजवते आणि २०१८ पासून पथकाची वही माझ्याकडे आहे. वही म्हणजे आता गूगल शीट, पण सगळे वहीच म्हणतात. ती माझ्याकडे आली त्यात माझं कर्तृत्व काही नाही. सराव संपल्यावर आमचा पथकप्रमुख, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, घोळक्याकडे बघून म्हणाला, "इथे बी.कॉम. कोण आहे?" बाकी सगळे इंजिनियर होते.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. समाजकार्य करायचं म्हणून पथकात कुणीही येत नाही. मी आले ते लक्ष्मी रोडवर एका मुलीला ताशा वाजवताना बघून. गळ्यात ताशा, हातात दोन बारीक काड्या, आणि ती नुसती मान हलवून समोरच्या साठ ढोलांना थांबवत होती आणि उठवत होती. मला ते हवं होतं. कुणी मित्रांसाठी येतं, कुणी रीलसाठी, कुणी घरी बसवत नाही म्हणून. नदीपात्रात संध्याकाळी सराव सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत दिवसभराचा राग हातातून निघून जातो, आणि यासाठी लोक थेरपिस्टला पैसे देतात असं आमच्यातली एक ताई नेहमी म्हणते. समाजकार्य नंतर येतं. ते नंतर येतं याचं मला काही वाटत नाही. ते सगळ्यात शेवटी येतं आणि तोवर पैसे संपलेले असतात, हा खरा प्रश्न आहे.

हे मला वही हातात आल्यावर पहिल्याच वर्षी दिसलं. २०१८ साली आमच्याकडे सगळ्या सुपाऱ्या मिळून तीन लाख चाळीस हजार आले. आता खर्च बघा. ढोलाची पानं फुटतात, ती बदलायची. दोऱ्या. ताशाची पानं तर विचारूच नका. सरावाच्या जागेचं भाडं, पत्र्याची शेड, तिथले लाइट. वाद्यं न्यायला दोन टेम्पो, आणि विसर्जनाच्या दिवशी टेम्पोवाला मागेल तो दर. एकशे दहा माणसांचा वडापाव, पाणी, ग्लुकोजच्या पुड्या. नवा ध्वज, कारण शेजारच्या पथकाने नवा केला. एका मंडळाने ठरलेल्या पैशांतले निम्मे दिले आणि उरलेले 'पुढच्या वर्षीच्या सुपारीत धरू' म्हणून सांगितलं. सगळं वजा करून राहिले अडतीस हजार. ते आम्ही मुलींच्या एका वसतिगृहाला दिले. दुष्काळी भागातून पुण्यात शिकायला आलेल्या मुली तिथे राहतात आणि त्यांच्या मेसच्या पैशांची नेहमी ओढाताण असते.

अडतीस हजार कमी नाहीत. पण कुठल्याही मंडळाशी बोलताना आम्ही म्हणायचो, "पैसे आम्ही समाजकार्याला देतो, जरा जास्त द्या." त्या 'जास्त'मधलं किती पुढे गेलं हे शीटमध्ये स्पष्ट दिसत होतं.

पुण्यात ही पद्धत आली तरी कुठून? पूर्वी पुण्याच्या मिरवणुकीत ढोल-लेझीम वाजवायला मुळशी-मावळातल्या गावांतली माणसं यायची. ज्ञानप्रबोधिनीच्या अप्पा पेंडसे यांनी शाळेतल्या मुलांच्या हाती बरची आणि ढोल दिले. मग रमणबाग, नूमवि, विमलाबाई गरवारे अशा शाळांची पथकं निघाली. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांना वाजवणं सोडवेना, म्हणून त्यांनी स्वतःची पथकं काढली. त्यांतून आणखी फुटली. आज शहरात शंभराच्या वर पथकं आहेत. शाळेची शिस्त, हातखर्चाला पैसे न घेणं, उरलेले पैसे चांगल्या कामाला देणं, हे सगळं त्या वाटेने आमच्यापर्यंत आलं. फक्त शाळेच्या पथकाला ढोल शाळेचा असतो आणि मैदानही शाळेचं. आम्हाला दोन्हींचं भाडं पडतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला. आमचा एक ध्वजवाला शिरोळ तालुक्यातला. त्याचा घरच्यांशी दोन दिवस संपर्क नव्हता. पुणे-बंगळुरू हायवे बंद, तो रोज सरावाला यायचा आणि ध्वज धरून नुसता उभा राहायचा. घरचे सुखरूप होते. पाणी उतरल्यावर तो गावी जाऊन आला आणि मोबाइलवर आम्हाला गावच्या शाळेचे फोटो दाखवले. भिंतीवर पाण्याची रेघ त्याच्या डोक्याच्या वर होती. गणपती २ सप्टेंबरला बसणार होते. त्या रात्री शेडमध्ये ठरलं की यंदाचे पैसे त्या शाळेला.

तेव्हा मी वही उघडून विचारलं, "किती?"

दादा म्हणाला, "जे उरेल ते."

मी म्हटलं, "उरणार नाही. मागच्या वर्षी उरलं नव्हतं. आधी काढू. मंडळाचा इसार आला की त्याच दिवशी तीस टक्के बाजूला."

यावर दोन तास भांडण झालं, आणि दादाचं म्हणणं काही लबाडीचं नव्हतं. तो म्हणत होता, पानं नसतील तर ढोल वाजणार नाही, ढोल वाजला नाही तर सुपारी नाही, सुपारी नाही तर तीस टक्के कशाचे काढणार? हत्यार धारेला लावल्याशिवाय लाकूड तुटत नाही. माझं म्हणणं एवढंच की खर्चाला आपण जेवढी जागा देऊ तेवढी तो खातो. कुणीतरी मागून ओरडलं, "मग फ्लेक्सवरचं 'समाजकार्य' पुसून टाका, भांडण मिटेल." हे बोलणारा पहिल्या वर्षाचा होता. शेवटी तीस नाही, पंचवीसवर तडजोड झाली. नवा झब्बा त्या वर्षी झाला नाही. नाश्त्याला वडापाव जाऊन पोहे आले, ते तीन ताया घरून करून आणायच्या. शाळेला आम्ही बाकं आणि दोन कपाटं दिली. वाजवण्यात कुणालाही काही फरक दिसला नाही, हे मी विसर्जनाच्या रात्री मुद्दाम नीट ऐकून बघितलं होतं.

धनादेशाच्या फोटोचीही एक गोष्ट आहे. वसतिगृहाला पैसे देताना एक छोटा कार्यक्रम करायचा, मोठा पुठ्ठ्याचा चेक, चार मुली बाजूला, असं आमच्या सोशल मीडियावाल्यांचं ठरलं होतं. तिथल्या ताईंना मी फोन केला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पैसे खात्यावर पाठव. पावती देते. मुलींना मेसच्या पैशांसाठी स्टेजवर उभं नको करूस. त्यातली एखादी उद्या तुमच्या कॉलेजात तुमच्या शेजारी बसेल." आमच्या इन्स्टाग्रामवर तेव्हापासून फक्त पावतीचा फोटो जातो, नाव झाकून. लाइक कमी येतात.

मग २०२० आलं. सराव नाही, मिरवणूक नाही, सुपारी नाही. ढोल गोडाऊनमध्ये एकावर एक रचलेले. वसतिगृहाला आम्ही तीन वर्षं पैसे देऊ असा शब्द दिला होता आणि ते दुसरं वर्ष होतं. जो पैसा वाजवण्यातून येतो तो वाजवणं थांबलं की थांबतो, पण मुलींना भूक लागायची थांबत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक मेसेज टाकला: महिन्याला दोनशे रुपये, जमेल त्यांनी. एकशे दहातले बेचाळीस जण द्यायला लागले. काही जणांची नोकरी गेली होती, त्यांची नावं मला माहीत होती, आणि त्यांच्यापैकी दोघांचे दोनशे दर महिन्याला सगळ्यांच्या आधी यायचे.

त्याच काळात घरात बसून मी 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'चं चित्रण पाहिलं. तुमच्यातल्या ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात येत होते. पंडित रविशंकर बंगाली, त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी आपला मित्र आणि शिष्य, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन, याला गाठलं. जॉर्ज तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुरुवात रविशंकरांची सतार, अली अकबर खाँ यांची सरोद आणि तबल्यावर अल्लारखाँ. मग बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन वगैरे सगळी मंडळी. कलाकारांनी एकत्र येऊन मदतीसाठी एवढा मोठा कार्यक्रम करायचा, ही रीत जगभर तिथून रुळली असं मानतात.

आता वहीवाल्या मुलीच्या नजरेने पुढचं बघा. दोन्ही कार्यक्रमांच्या तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला लगेच गेले. पण खरा मोठा पैसा रेकॉर्ड आणि चित्रपटातून येणार होता, आणि तो कितीतरी वर्षं अमेरिकेच्या कर खात्याच्या वादात अडकून पडला. कार्यक्रमाच्या आधी तो धर्मादाय कामासाठी आहे याची रीतसर कागदपत्रं झालेली नव्हती. गडबडीत, पाच-सहा आठवड्यांत सगळं उभं केलेलं. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं दुःख, आणि अडलं कशावर तर फॉर्मवर. मला हसू आलं आणि मग घाम फुटला, कारण आमच्या पथकाचे पैसे तेव्हा दादाच्या स्वतःच्या बचत खात्यात असायचे. दादा सरळ माणूस आहे म्हणून भागत होतं. २०२१ मध्ये आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केली, पथकाचं पॅन कार्ड काढलं, बँकेत दोघांच्या सहीचं खातं उघडलं. ताशा शिकायला मला सहा महिने लागले होते. या कामाला आठ लागले.

इथवर मला वाटत होतं की हिशेब सुटत आला आहे. २०२२ ला निर्बंध उठले, पुन्हा मिरवणुका सुरू झाल्या, आणि एका मंडळाने आमच्यासोबत साताऱ्याकडचा एक हलगीचा ताफा बोलावला. हलगी, घुमकं, कैताळ आणि सनई. चौघे जण, त्यातले तिघे एकाच घरातले. मिरवणूक रेंगाळली तेव्हा रस्त्याच्या कडेला त्यांनी कागद-पुठ्ठा पेटवून हलगी शेकायला घेतली. मी शेजारी बसले. हलगीवाल्या काकांनी माझ्या काड्या हातात घेऊन बघितल्या, वजन बरोबर नाही म्हणाले. मग विचारलं, "तुमाला किती देत्यात?"

मी अभिमानाने सांगितलं की आम्ही काही घेत नाही, सगळं समाजकार्याला जातं.

काका जाळाकडे बघत म्हणाले, "चांगलंच हाय की ताई. पुण्याचं काम हाय. पर आमी आदी धा दिस पुण्यात असायचो. आता दोन दिस बी मिळत न्हाईत. तुमी फुकट वाजवताय म्हनल्यावर आमाला कोन बोलवंल?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं गणित होतं. हलगी आणि सनई ही मुख्यतः मातंग समाजाची पिढीजात कला. गावात लग्न असो, यात्रा असो, वाजवायचं काम त्यांच्याकडे, मान मात्र नाही. शहरात तेच वाजवणं आमच्या हातात आलं, पांढरा झब्बा आणि भगवा शेला घालून, तेव्हा त्याला मान मिळाला आणि वर पुण्यही. खरं तर आम्ही फुकट वाजवत नव्हतोच. सुपारी घेत होतो. पण एकशे दहा जणांची मजुरी त्यात धरलेली नसल्यामुळे शंभर माणसांचा धडाका मंडळाला जेवढ्यात पडायचा, तेवढ्यात पोटासाठी वाजवणारा कुठलाही बँड किंवा ताफा तेवढी माणसं आणू शकला नसता. आमच्या वहीत 'मजुरी' या रकान्यात शून्य होतं, आणि त्या शून्याचे पैसे दुसरं कुणीतरी भरत होतं.

मी हे पथकात मांडलं. गणपतीबद्दल कुणी ऐकून घेणार नव्हतं, आणि मलाही गणपती सोडायचा नव्हता. पण आम्ही वर्षभर लग्नाच्या वराती, दुकानांची उद्घाटनं, एका बिल्डरच्या स्कीमचं भूमिपूजन असल्याही सुपाऱ्या घ्यायचो. माझं म्हणणं: ते बंद. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांची नावं आणि नंबर आपण पुढे द्यायचे. वर्षाच्या उत्पन्नातला जवळजवळ तिसरा हिस्सा जाणार होता, म्हणजे वसतिगृहाचेही तेवढे पैसे कमी होणार होते.

माझ्या सगळ्यात जवळची मैत्रीण, जिने २०१९ ला पोहे आणले होते, ती माझ्याविरुद्ध उभी राहिली. "तुझ्या तत्त्वासाठी त्या मुलींच्या मेसमधले पैसे कापणार? मंडळवाले उद्या डीजे लावतील, हलगी नाही. तेव्हा ना काकांना मिळणार, ना मुलींना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीजे खरंच लावतात. मी एवढंच म्हटलं की एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला द्यायचा असेल तर निदान दोघांना विचारून द्यावा. ती म्हणाली, ही भाषणाची वाक्यं आहेत. मतदान झालं. एकतीस विरुद्ध सत्तावीस. बरेच जण आलेच नव्हते. लग्नाच्या सुपाऱ्या बंद झाल्या. मैत्रीण अजून पथकात आहे, पहिल्या रांगेत ढोल वाजवते, माझ्याशी ताशापुरतं बोलते.

वसतिगृहाच्या ताईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. कारणही सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "मग आता किती धरू?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो डायरीत लिहिला आणि म्हणाल्या, "उशिरा कळण्यापेक्षा बरं. उरलेले मी दुसरीकडून बघते." कौतुक नाही, नाराजी नाही.

आवाजाचं राहिलं. त्याबद्दल पुण्यात कुणाशीही बोला, दोन मिनिटांत दोन पक्ष पडतात. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, आणि हॉस्पिटलच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. ५५ डेसिबलमध्ये ढोल वाजत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०२४ ला ३० ऑगस्टच्या आदेशात हरित लवादाने एका पथकात तीसच जण असावेत असं सांगितलं. गणपती ७ सप्टेंबरला होते. मंडळांचे फोन सुरू झाले: माणसं तीस, तर पैसेही त्या हिशेबाने. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. शेडमध्ये गुलाल उडाला. मीही नाचले. आणि त्याच रात्री एका वादकाने ग्रुपवर लिहिलं की त्याची आजी मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या घरात झोपून असते आणि दोन दिवस तिला घेऊन ते मामाकडे जातात, दरवर्षी. कुणी उत्तर दिलं नाही. आम्ही आता रुग्णालयासमोर वादन पूर्ण थांबवून शांतपणे पुढे जातो, आणि तेवढ्यात मागचं पथक वाजवतच येतं. वहीत या गोष्टीसाठी कुठला रकाना करायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

या वर्षीचा इसार एका मंडळाकडून आला. पंचवीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात गेले, ते आता बँकेला सांगून ठेवल्यामुळे आपोआप जातात, दादाला फक्त मेसेज येतो आणि तो मला हात जोडलेला इमोजी पाठवतो. मागच्या हंगामापासून विसर्जनाच्या सुपारीत आम्ही हलगीच्या ताफ्याचे पैसे वेगळे धरतो. मंडळाशी बोलतानाच सांगतो: आम्ही येऊ, पण हेही येतील, आणि यांना रोख द्यायचे. दोन मंडळांनी नाही म्हटलं. तिघांनी हो म्हटलं.

परवा काकांचा फोन आला. तारखा विचारल्या, मुक्कामाची सोय विचारली. मी म्हटलं, मागच्या वर्षीएवढंच धरू ना?

"न्हाई ताई," काका म्हणाले, "ह्या वर्षी दर वाढवलाय."